अर्धवट राहिलेलं वाक्य
(मंडळीच्या कौटुंबिक मेळाव्यातील भाषण)



आज मी जो विषय मांडणार आहे, तो आपण घरात काढतच नाही. शेवटचं आजारपण आलं, तर आपल्या माणसाला काय हवं आहे?

आधी माझी चूक सांगते. वडील जाण्याच्या दोन महिने आधी, एका संध्याकाळी ओट्यावर बसले असताना म्हणाले, "पोरी, माझं काही झालं तर मला..." मी त्यांना पुढे बोलूच दिलं नाही. "बाबा, अभद्र बोलू नका, आपण प्रार्थना करू या," असं म्हटलं. प्रार्थना केली आणि विषय संपला. पुढे त्यांच्या मेंदूत रक्तस्राव झाला. 11 दिवस ते व्हेंटिलेटरवर होते. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, आता आशा नाही, काय करायचं ते तुम्ही ठरवा. दादा म्हणाला, घरी नेऊ. मी म्हणाले, नाही. दवाखान्याच्या जिन्यात आम्ही बहीण-भाऊ भांडलो. बाबांवर दोघांचाही जीव होता, पण त्यांना काय हवं होतं ते दोघांनाही ठाऊक नव्हतं. ते वाक्य मीच अर्धवट तोडलं होतं.

धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांवर घरभेटी देताना मला हे पुन्हा पुन्हा दिसतं. आजारी माणसाला झोळीत घालून डांबरी रस्त्यापर्यंत आणायचं, तिथून नंदुरबार, मग सुरत. बैलजोडी विकली जाते आणि माणूस परक्या ठिकाणी जातो.

एका आजीने मात्र मला शिकवलं. कॅन्सर बरा होणार नाही हे कळल्यावर तिने दोन्ही मुलांना आणि पाळकसाहेबांना बोलावलं. "मला घरीच ठेवा. दुखणं कमी होईल एवढं औषध द्या. बैल विकू नका. माती मंडळीच्या रीतीने द्या, पण पहिली मूठ धाकट्याला टाकू द्या." धाकटा मंडळीत नाही. अशा घरांत दफनावरून होणारे वाद मी पाहिले आहेत. तिच्या घरी एक शब्दही वाढला नाही.

असं बोलणं म्हणजे विश्वास कमी पडणं नव्हे. उत्पत्तीच्या 47 व्या अध्यायात याकोब योसेफाकडून शपथ घेतो की मला मिसरात पुरू नको. आपल्या प्रभूने तर वधस्तंभावरून आईची सोय लावली.

आता कायद्याविषयी थोडं. 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शेवटच्या उपचारांबाबतचं इच्छापत्र मान्य केलं आणि 2023 मध्ये त्याची पद्धत सोपी केली. सज्ञान, शुद्धीवरच्या व्यक्तीने ते स्वखुशीने लिहायचं, दोन साक्षीदारांच्या सह्या घ्यायच्या आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर साक्षांकित करायचं. आपल्या वतीने कोणी निर्णय घ्यावा, त्यांची नावंही त्यात लिहायची. काहींना वाटतं, हे जीव घेण्याचं इंजेक्शन मागणं आहे. तसं मुळीच नाही. बरं होण्याची आशा उरली नसताना केवळ मरण लांबवणारे उपचार नकोत, एवढंच त्यात सांगता येतं. वेदनांवरचं औषध आणि सेवा तर चालूच राहते.

कागद नंतर करा. आज रात्री जेवणं झाल्यावर घरातल्या थोरांना चार गोष्टी विचारा: शेवटी कुठे राहायला आवडेल? कोणते उपचार नकोत? तुमच्या वतीने कोणी बोलायचं? माती कुठे आणि कशी द्यायची? त्यांनी विचारण्याआधी स्वतःचंही सांगा. मीही माझ्या मुलीला सांगितलं आहे. ती रडली, पण तिने ऐकून घेतलं.

आणि एखाद्या संध्याकाळी कोणी म्हणालं, "माझं काही झालं तर..." तर त्यांचं वाक्य पुरं होऊ द्या. प्रार्थना त्यानंतर करा.

प्रभू आपणां सर्वांना ते धैर्य देवो. आमेन.