डोळ्यांखालची सैल कातडी : ऑपरेशनआधी एवढं विचारा

आजचा विषय ऐकून काही जणी हसतील. डोळ्यांखालची कातडी सैल पडते, पिशवीसारखी लोंबते, तिच्यावर काय उपाय आहेत, ते आज बोलू या.

आमच्या बचत गटात एका ताईंनी यासाठी कर्ज मागितलं. म्हणाल्या, "जो तो विचारतो, रडलीस का, आजारी आहेस का? कंटाळा आला." बाईला स्वतःच्या चेहऱ्यासाठी खर्च करावासा वाटला, यात चूक काही नाही. गटाने एवढंच ठरवलं, की आधी डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवायचं, मग अर्जावर बोलायचं.

असं का? कारण डोळ्यांभोवतीची सूज प्रत्येक वेळी वयाचीच असते असं नाही. सकाळी चेहरा सुजत असेल, पायावरही सूज असेल, तर मूत्रपिंड आणि थायरॉइड तपासून घ्यावं लागतं. पापणी बाहेर उलटली असेल, सतत पाणी येत असेल, तर तो डोळ्याचा आजार आहे. त्याचा इलाज सौंदर्याचा खर्च नव्हे. आरोग्य विम्यात निव्वळ सौंदर्यासाठीचं ऑपरेशन सहसा बसत नाही, वैद्यकीय गरज असेल तर गोष्ट वेगळी. म्हणून डॉक्टरांकडून कारण लिहून घ्या.

आता उपाय. क्रीमने बारीक सुरकुत्या थोड्या कमी दिसतील, पण लोंबलेली कातडी क्रीमने जात नाही. नुसती चरबीची पिशवी असेल आणि कातडी घट्ट असेल, तर पापणीच्या आतल्या बाजूने छेद घेऊन चरबी काढतात किंवा सरकवतात. बाहेर व्रण दिसत नाही. कातडीच जास्त असेल, तर पापणीच्या केसांच्या अगदी खाली बारीक छेद घेऊन ती बेताने कापतात. पापणीच ढिली असेल, तर बाहेरच्या कोपऱ्याशी टाका घेऊन आवळतात. लेझर आणि केमिकल पीलने बारीक सुरकुत्यांना फायदा होतो, पण आपल्या सावळ्या कातडीवर नंतर काळे डाग उठू शकतात. फिलरची सुई खोलगट भाग भरते, कातडी आवळत नाही. आणि काळी वर्तुळं ही वेगळी तक्रार आहे, कातडी कापून ती जात नाहीत.

धोकेही ऐका. कातडी जास्त कापली गेली तर पापणी खाली ओढली जाते, डोळा नीट मिटत नाही, कोरडा पडतो. क्वचित डोळ्यामागे रक्त साचून नजर जाऊ शकते. फिलर चुकून रक्तवाहिनीत गेलं तरी नजरेला धोका असतो. म्हणून पार्लरमध्ये सुई टोचून घेऊ नका, कितीही स्वस्त असली तरी. हे काम प्लास्टिक सर्जनचं, किंवा पापण्यांच्या शस्त्रक्रियेचं खास शिक्षण घेतलेल्या नेत्रतज्ज्ञाचं.

जाताना प्रश्न लिहून न्या. अशी किती ऑपरेशन्स केलीत? माझ्यासाठी कोणती पद्धत, आणि का? औषधं, भूल, नंतरच्या भेटी धरून एकूण खर्च किती? बिघडलं तर पुढचं कोण करणार? बीपी, शुगर, कोरडे डोळे, रक्त पातळ करणारी गोळी, सगळं सांगा. गोळी मनाने बंद करू नका. तंबाखू, मिश्री सोडा, त्याने जखम भरायला वेळ लागतो.

टाके साधारण आठवड्याभरात निघतात, सूज आणि काळं-निळं उतरायला दोन आठवडे लागतात. तेवढे दिवस हंडा उचलणं, वाकून खुरपणं, चुलीचा धूर बंद. त्या दिवसांची मजुरी बुडेल, तीही हिशेबात धरा. ऑपरेशननंतर डोळा जोरात दुखला, पुढे आल्यासारखा वाटला किंवा अंधुक दिसलं, तर सकाळची वाट न पाहता त्याच क्षणी दवाखाना गाठा.

हे सगळं ऐकून करायचं ठरवलंत तर जरूर करा, नको वाटलं तर तेही ठीक. निर्णय तुमचा, फक्त घाई नको.