कचऱ्याखालचं कापड बुजलं तर?

आज यवतमाळ जिल्ह्यातून, मामाच्या शेतावरून बोलतोय. मागे कोंबडा आरवला तर सांभाळून घ्या.

एका श्रोत्यानं विचारलंय, "आमच्या गावाजवळ कचरा पुरायची जागा होणार म्हणतात. खाली जाड प्लास्टिक टाकणार, मग विहिरीला काय धोका?"

प्लास्टिक टाकतात, खरंय. 2016 च्या घनकचरा नियमांत 1.5 मिलिमीटर जाडीची शीट आणि तिच्याखाली 90 सेंटिमीटर चिकणमाती सांगितली होती. पण कचऱ्यातून गळणारं काळं पाणी, म्हणजे लीचेट, शीटवर साचून राहायला नको. म्हणून वर खडी आणि भोकं पाडलेले पाईप टाकतात. कचऱ्यातला गाळ खडीत जाऊ नये म्हणून मधे नमद्यासारखं कापड अंथरतात. ते जिओटेक्स्टाइल. आपल्या चहाच्या गाळणीसारखंच काम.

आता ठिबक आठवा. इथं मामाच्या कपाशीत दोन वर्षांत अर्धे ड्रीपर बंद पडले होते. नळी चिरून बघितली तर आत पांढरा थर! विहिरीच्या जड पाण्यातला चुना. मामानं ॲसिड सोडलं, रात्रभर ठेवलं, सकाळी नळ्या फ्लश केल्या. झालं काम.

कचऱ्याखाली हेच होतं, फक्त जास्त घाण पद्धतीनं. ओला कचरा कुजला की आम्लं तयार होतात. ती खाणारे जिवाणू कापडावर आणि खडीवर चिकट थर धरतात. त्यांच्या या खाण्यात कार्बोनेट तयार होतं, पाण्यातलं कॅल्शियम त्याला धरतं आणि चुना होऊन बसतो. वरून बारीक गाळ. आणि इथं ॲसिड सोडणार कसं? डोक्यावर पाच-दहा मीटर कचरा बसलेला!

मग पाणी तुंबतं. शीटला जोडावर किंवा कुठं खडा टोचून बारीक भोक पडलेलं असतंच. पाणी जितकं उंच साचेल, तितकं जोरात त्यातून खाली जातं. धोका तिथं आहे. उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या लोकांना विचारा, विहीर खराब होणं म्हणजे काय ते.

मग कापड टाकूच नये का? मलाही आधी तसंच वाटायचं. कॅनडात टोरांटोजवळ कील व्हॅली नावाचं लँडफिल आहे. तिथं संशोधकांनी काही वर्षांनी खोदून बघितलं, तर जिथं कापड होतं तिथली खडी कमी बुजलेली निघाली. घाण वरच अडली होती. खरी चूक म्हणजे कापड थेट पाईपला गुंडाळणं. सगळीकडचं पाणी त्या इवल्याशा जागेतून जायला बघतं आणि तीच जागा आधी बुजते. पूर्ण खडीवर पसरलेलं कापड कुठंकुठं बुजलं तरी बाकीच्या जागेतून पाणी उतरतं. खडीही मोठी हवी. वाळू लवकर भरते.

तर दादा, ग्रामसभेत प्लास्टिकची जाडी विचारून थांबू नका. विचारा, कापड कुठं टाकणार? पाईप आतून धुवायला तोंड बाहेर काढलंय का? शीटवर किती पाणी साचलंय, ते कोण मोजणार आणि आकडा गावाला कुठं दिसणार? आणि ओला कचरा येणार का? नियमानं कुजणारा कचरा तिथं यायलाच नको. तो आला, तर जिवाणूंना रोजची पंगत!

उत्तरं मिळाली की मला व्हॉइस नोट टाका, पुढच्या भागात ऐकवतो.