समुद्रावरचे दिवे आणि वाट देण्याचे नियम



आपल्या नागपूरपासून समुद्र फार दूर. तरी तेथला एक प्रश्न आपल्या गाडीवाटेवरचाच आहे. दोघे समोरासमोर आले, तर वाट कोणी द्यायची? समुद्रावर सडक नाही, आणि कासरा ओढला की बैल थांबतो तसे जहाज थांबत नाही. मोठे जहाज थांबता थांबता दोन-तीन किलोमीटर पुढे जाऊ शकते.

म्हणून रात्री जहाजाच्या डाव्या अंगाला लाल दिवा, उजव्या अंगाला हिरवा आणि मागे पांढरा असतो. यंत्रावर चालणाऱ्या जहाजाच्या डोलकाठीवर आणखी पांढरा दिवा असतो. हे दिवे आपल्याला वाट दिसावी म्हणून नव्हेत. आपले तोंड कोणीकडे आहे, हे दुसऱ्याला कळावे म्हणून. समोर लाल व हिरवा दोन्ही एकदम दिसले, तर जहाज सरळ आपल्याकडेच येत आहे असे समजावे. मग दोघांनीही आपापल्या उजवीकडे वळायचे. सडकेवर आपण डावी बाजू धरतो, समुद्रावर मात्र उजवी! आडवे जाणारे जहाज आपल्या उजव्या हाताला असेल, तर त्याचा लाल दिवा दिसतो. तेव्हा वाट आपण द्यायची.

आता धोका ओळखावा कसा? चौफुलीकडे येणारी दुसरी गाडी आपल्या बैलाच्या शिंगाच्या रेषेतच राहिली आणि जवळ जवळ येऊ लागली, तर चौफुलीवर गाठ पडणारच. खलाशी हीच गोष्ट होकायंत्रावर पाहतो.

आजचे नियम १९७२ साली ठरले व १९७७ पासून लागू झाले. दिवसा दिवे नसले तरी वाट देण्याचा नियम तोच. तरीही ७ ऑगस्ट २०१० रोजी सकाळी मुंबई बंदराजवळ 'एम. एस. सी. चित्रा' आणि 'खलिजिया' ही जहाजे एकमेकांवर आदळली. 'चित्रा' कलंडले, त्यावरचे शेकडो कंटेनर पाण्यात पडले, तेल किनाऱ्यापर्यंत गेले आणि बंदरातली ये-जा काही दिवस बंद पडली.

म्हणून नियमात आणखी एक गोष्ट आहे. ज्याला वाट मिळायची, त्याने आपली दिशा व वेग कायम ठेवावा. पण दुसरा वाट देत नाही असे दिसले, तर टक्कर टाळण्याची जबाबदारी त्याच्यावरही येते.

गुरुजींनी हे शाळेच्या अंगणात करून पाहावे. मुलांच्या डाव्या हातात लाल कागद, उजव्या हातात हिरवा द्यावा आणि त्यांना समोरून, आडवे असे चालवावे. मग एकाला विचारावे, "वाट तुझी आहे, पण समोरच्याचे लक्षच नाही. आता तू काय करशील?"