आधी विचारा, मग वाढा



२०२० सालचा लॉकडाऊन आपण कुणीच विसरलेलो नाही. आमच्या गल्लीतल्या पोरांनी वर्गणी काढून शिधा वाटायचं ठरवलं. मी बी. ए. झालेला, म्हणून यादीचं काम माझ्याकडे. पत्र्याच्या वस्तीत एका बाईनं पिशवी उघडून पाहिली आणि हळूच म्हणाली, "चाचा, तांदूळ चौथ्यांदा आलाय. तेल-मीठ कुणीच आणत नाही."

आम्ही खजील झालो. देणारे चार, पण एकाचा दुसऱ्याला पत्ता नाही.

अन्नबँकांच्या जाळ्याचं काम नेमकं इथंच असतं. अमेरिकेत फिनिक्स शहरात जॉन व्हॅन हेंगेल नावाचे गृहस्थ एका अन्नछत्रात राबत असत. दुकानांनी टाकून दिलेलं चांगलं अन्न वेचून मुलांना जगवणारी एक आई त्यांना भेटली. बँकेत पैसे ठेवतात आणि काढतात, तशी अन्नाचीही सोय हवी, ही कल्पना तिची. त्यातून १९६७ साली सेंट मेरीज फूड बँक उभी राहिली. आज 'फीडिंग अमेरिका' या जाळ्यात अशा सुमारे दोनशे अन्नबँका आहेत.

रीत साधी आहे. शेतं, कारखाने, दुकानं यांच्याकडचा उरलेला, पण खाण्याजोगा माल त्या त्या विभागाच्या गोदामात येतो. तिथं तो निवडला जातो आणि गावोगावच्या छोट्या संस्था तो गरजूंना देतात. मोठ्यांकडे गोदाम आणि ट्रक, तर छोट्यांकडे माणसांची ओळख. एकाचं दुसऱ्यावाचून चालत नाही.

पण आमच्यासारखी फजिती त्यांचीही झाली. मध्यवर्ती कार्यालय माल वाटून देई आणि बटाट्यासाठी प्रसिद्ध असलेल्या आयडाहो राज्यात बटाटेच जाऊन पडत! अखेर २००५ साली पद्धत बदलली. प्रत्येक अन्नबँकेला तिच्या भागातल्या गरिबीच्या प्रमाणात लुटुपुटीचं चलन मिळू लागलं. ते खर्चून हवा त्या मालावर बोली लावायची. ज्याला पास्ता हवा त्याला पास्ता, ज्याला भाजी हवी त्याला भाजी. म्हणजे काय, तर घेणाऱ्याला विचारलं जाऊ लागलं.

आपल्याकडेही औरंगाबादेत, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरात, २०१५ साली रोटी बँक सुरू झाली. घरटी दोन पोळ्या आणि थोडं कालवण जमा करायचं, भुकेल्यानं घेऊन जायचं. अशा जागा गावोगावी हव्यात आणि त्यांचं आपसात बोलणंही हवं. आज कुणाकडे काय जास्त आहे, कुणाकडे काय कमी आहे, एवढं कळलं तरी पुष्कळ अन्न योग्य ताटात पडेल.

आम्ही पुढं तेच केलं. चारही मंडळांनी मिळून एक वही ठेवली. एकानं तांदूळ, दुसऱ्यानं तेल, तिसऱ्यानं डाळ, चौथ्यानं मीठ-मसाला. पैसा तेवढाच, पण चूल पेटू लागली.

हे शहाणपण खरं तर घरातच होतं. लहानपणी रमजानमध्ये इफ्तारच्या आधी अम्मी मला शेजारच्या काकूंकडे विरजण मागायला पाठवायची. परत आलो की विचारायची, "त्यांची चूल पेटलीय का रे?" नाही म्हटलं, की झाकलेलं ताट घेऊन ती स्वतः जायची.

विरजण आमच्या घरी असायचंच.