सर्किट बेंच हा मुक्काम नव्हे : सहा जिल्ह्यांच्या वकील मेळाव्यातील अध्यक्षीय भाषण

महाराष्ट्रातील वकीलवर्गाच्या दृष्टीने 2025 या वर्षातील सर्वांत मोठी घटना कोणती, याविषयी या मेळाव्यात दुमत संभवत नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या कोल्हापूर सर्किट बेंचचे उद्घाटन 17 ऑगस्ट रोजी तत्कालीन सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या हस्ते झाले, दुसऱ्या दिवसापासून कामकाज सुरू झाले आणि कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी व सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांच्या चार दशकांहून जुन्या मागणीला प्रथमच दृश्य रूप आले. या यशाचे श्रेय ज्यांना आहे त्यांना ते निःसंकोच दिले पाहिजे. परंतु त्या दिवसापासून एक समजूत पद्धतशीरपणे पसरवली जात आहे की, लढा संपला, खंडपीठ कृती समितीचे काम आटोपले आणि आता वकिलांनी निमूटपणे आपापल्या बोर्डाकडे लक्ष द्यावे. ही समजूत कायद्याच्या दृष्टीने चुकीची आहे, सहा जिल्ह्यांच्या पक्षकारांच्या दृष्टीने घातक आहे आणि अध्यक्षपदाचे हे एकमेव व्यासपीठ तिचा प्रतिवाद करण्यासाठीच वापरणे या अध्यक्षाला कर्तव्य वाटते.

प्रथम कायद्याची स्थिती नीट पाहावी. राज्य पुनर्रचना अधिनियम, 1956 च्या कलम 51 मध्ये उच्च न्यायालय कोठे बसेल याचे तीन मार्ग सांगितले आहेत. पोटकलम (1) मुख्य स्थानाविषयी आहे. पोटकलम (2) नुसार राष्ट्रपती, राज्यपाल व मुख्य न्यायमूर्ती यांच्याशी विचारविनिमय करून, अधिसूचित आदेशाद्वारे कायमस्वरूपी खंडपीठ स्थापन करू शकतात. म्हणजे अशा खंडपीठामागे राष्ट्रपतींच्या आदेशाचे बळ असते. पोटकलम (3) मात्र एवढेच सांगते की, मुख्य न्यायमूर्ती राज्यपालांच्या मान्यतेने ठरवतील त्या अन्य ठिकाणीही न्यायमूर्ती बसू शकतील. सर्किट बेंच, म्हणजे मुख्य स्थान न बदलता न्यायमूर्तींनी अन्यत्र जाऊन चालवलेले पीठ, ही या तिसऱ्या मार्गाची निर्मिती आहे. कोल्हापूरची अधिसूचना तत्कालीन मुख्य न्यायमूर्ती आलोक आराधे यांनी 1 ऑगस्ट 2025 रोजी याच पोटकलमाखाली काढली. ज्या अधिकाराने ते पीठ आले त्याच अधिकाराने उद्या त्याचे स्वरूप बदलता येते, कार्यक्षेत्र आक्रसता येते आणि तेथे किती न्यायमूर्ती बसतील हेही प्रत्येक वेळी नव्याने ठरवता येते, ही गोष्ट उद्घाटनाच्या मांडवात कोणी मोठ्याने बोलले नाही, म्हणून ती येथे बोलली जात आहे.

या आशंकेला निराधार म्हणणाऱ्यांनी नागपूरकडे पाहावे. मुंबई पुनर्रचना अधिनियम, 1960 च्या कलम 41 ने नागपूर येथे किमान तीन न्यायमूर्ती बसतील अशी हमी विधिमंडळाच्या नव्हे, तर संसदेच्या कायद्यातच लिहून ठेवली. नागपूरच्या वकिलाला आपल्या पीठावर न्यायमूर्ती किती, हे कोणाच्या मर्जीवर शोधावे लागत नाही. कोल्हापुरात एक द्विसदस्यीय पीठ, म्हणजे दोन न्यायमूर्तींनी एकत्र बसून चालवायचे पीठ, आणि दोन एकल पीठे अशी सुरुवात झाली. परंतु ही संख्या कोणत्याही कायद्यात लिहिलेली नाही. एखाद्या न्यायमूर्तींची बदली किंवा निवृत्ती झाल्यावर ती जागा त्वरित भरली जाईल, याला आज सदिच्छेखेरीज आधार नाही. न्यायाची उपलब्धता सदिच्छेवर सोडणे हे वकिली व्यवसायाला शोभणारे नाही, कारण हा व्यवसायच लेखी हमीवर उभा आहे.

औरंगाबादचा, आजच्या छत्रपती संभाजीनगरचा, दाखला या ठिकाणी निर्णायक आहे. तेथेही न्यायमूर्ती प्रथम याच पोटकलम (3) खाली 27 ऑगस्ट 1981 पासून बसू लागले. त्या आदेशाला आव्हान मिळाले, मुंबई उच्च न्यायालयाने तो रद्द ठरवला, आणि 1982 मध्ये नारायण शामराव पुराणिक प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मुख्य न्यायमूर्तींचा अधिकार पूर्णपणे उचलून धरला. मराठवाड्याचा वकील मात्र त्या निकालावर थांबला नाही. त्याने पाठपुरावा चालू ठेवला आणि 27 ऑगस्ट 1984 पासून, म्हणजे बरोबर तीन वर्षांत, ते पीठ राष्ट्रपतींच्या आदेशाने कायमस्वरूपी झाले. कोल्हापूरला हीच मुदत लावली तर ती ऑगस्ट 2028 मध्ये संपते. त्या मुदतीत कायमस्वरूपी खंडपीठ झाले नाही, तर त्याचा दोष मुंबईला किंवा दिल्लीला देण्याआधी या सभागृहात बसलेल्यांना घ्यावा लागेल.

मुंबईत बसून ज्यांनी या पीठाला आयुष्यभर विरोध केला, ज्यांनी अंतर हा काही निकष नव्हे असे शोधनिबंध लिहिले आणि अधिसूचना निघाल्यावर जे न्यायालयात आव्हान देण्यापर्यंत गेले, त्यांचा विरोध निदान उघड होता. खेद वाटतो तो दुसऱ्या एका वर्गाचा. खंडपीठासाठीच्या साखळी उपोषणाच्या मांडवात ज्यांची सतरंजी कधी मळली नाही, कामकाजापासून अलिप्त राहण्याच्या काळात ज्यांची वकीलपत्रे मागच्या दाराने दाखल होत राहिली, तेच उद्घाटनाच्या दिवशी फलकांवर सर्वांत मोठ्या अक्षरांत झळकले आणि आज तेच सबुरीचा उपदेश करतात. त्यांची नावे घेण्याची गरज नाही. सहाही जिल्ह्यांच्या बार रूममध्ये ती ठाऊक आहेत. सोलापूर व सिंधुदुर्गातील ज्या मित्रांनी काही मुद्द्यांवर वेगळे मत मांडले त्यांचा समावेश या वर्गात होत नाही, कारण त्यांनी मत वेगळे ठेवूनही मांडव सोडला नाही.

कायमस्वरूपी हा शब्द एवढा लावून धरण्यामागे कोणता अनुभव आहे, हे नव्या पिढीच्या वकिलांना सांगणे आवश्यक आहे. या अध्यक्षाची उमेदवारी ज्या ज्येष्ठांच्या हाताखाली झाली त्यांच्याकडे उच्च न्यायालयातील अपिलांचे काम होते, आणि त्या कामाचा अर्थ मुंबईला नेणाऱ्या महालक्ष्मी एक्सप्रेसमधील रात्र असा होता. शिरोळ तालुक्यातील एक वृद्ध पक्षकार, वाटपाच्या दाव्यातील दुसऱ्या अपिलासाठी, दर तारखेला येऊ नका असे सांगूनही सोबत येत असत. सातबाऱ्याचे उतारे, फेरफाराच्या नकला आणि खालच्या दोन्ही न्यायालयांचे निकाल त्यांनी एका धोतराच्या फडक्यात बांधलेले असत. रात्रभर तो गठ्ठा उशाशी असे आणि पहाटे कल्याण मागे पडल्यावर ते तो सोडून पुन्हा एकदा मोजून पाहत. दुपारी प्रकरण रीच झाले नाही, म्हणजे बोर्डावर असूनही त्याची पाळी आली नाही, असे कळले की ते काही बोलत नसत. फक्त पुढची तारीख विचारून घेत आणि परतीच्या गाडीत बसण्याची सोय होईल का, याची चौकशी करत. कोल्हापूरहून मुंबई रस्त्याने सुमारे पावणेचारशे किलोमीटर, सावंतवाडीहून त्याहूनही अधिक. त्या पक्षकाराच्या अपिलाचा निकाल लागला तेव्हा ते हयात नव्हते. निकालाची नकल त्यांच्या मुलाने नेली. अशा पक्षकारांचे जे गेले ते कोणत्याही अधिसूचनेने परत येणार नाही, परंतु त्यांच्या नातवंडांना पुन्हा त्याच गाडीत बसवण्याचा अधिकार कोणाच्याही हाती राहू नये, एवढी मागणी करण्याचा हक्क या जिल्ह्यांना निश्चितच आहे.

कोल्हापूरला उच्च न्यायालय ही नवी देणगीही नव्हे. संस्थानकाळात या नगरीचे स्वतःचे उच्च न्यायालय होते आणि 1 मार्च 1949 रोजी संस्थान मुंबई राज्यात विलीन झाल्यावर ते संपुष्टात आले. राजर्षी शाहू महाराजांनी अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजातील तरुणांना वकिलीच्या सनदा, म्हणजे न्यायालयात पक्षकाराची बाजू मांडण्याचे परवाने, दिल्या त्या याच भूमीत. ही परंपरा सांगणाऱ्यांनी गेल्या काही दशकांत सनदेचे काय झाले तेही पाहावे. अधिवक्ता अधिनियम, 1961 च्या कलम 24 मध्ये नोंदणी शुल्क राज्य विधिज्ञ परिषदेला 600 रुपये व भारतीय विधिज्ञ परिषदेला 150 रुपये, आणि अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवारांसाठी अनुक्रमे 100 व 25 रुपये असे ठरलेले असताना देशभरातील परिषदा नाना नावांखाली हजारो रुपये घेत राहिल्या. अखेरीस 30 जुलै 2024 रोजी गौरव कुमार प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले की, कायद्यात लिहिल्यापेक्षा एक रुपयाही अधिक घेता येणार नाही. शेतमजुराच्या मुलाने कर्ज काढून सनद घ्यावी आणि त्याच वेळी व्यासपीठांवरून शाहू महाराजांचा जयजयकार व्हावा, हा विसंवाद वकिलांच्या प्रतिनिधींनी स्वतःहून दूर करायला हवा होता. न्यायालयाला तो दूर करवून घ्यावा लागला. त्याच उमेदवाराला सनद मिळाल्यानंतरची पहिली वर्षे कशी जातात हेही सर्वांना माहीत आहे. भारतीय विधिज्ञ परिषदेने ऑक्टोबर 2024 मध्ये कनिष्ठ वकिलांना शहरी भागात दरमहा किमान 20,000 व ग्रामीण भागात 15,000 रुपये मानधन देण्याची शिफारस केली. शिफारस बंधनकारक नाही, एवढ्या आधारावर ती बहुतेक कार्यालयांच्या उंबरठ्याबाहेरच राहिली आहे. ज्यांचे उत्पन्न बरे आहे अशा ज्येष्ठांनी तरी सबब सांगू नये.

येथे महाराष्ट्र व गोवा विधिज्ञ परिषदेच्या होऊ घातलेल्या निवडणुकीचा विषय येतो. मागील निवडणूक 2018 मध्ये झाली. कायद्याने मुदत पाच वर्षांची असताना पदव्यांच्या पडताळणीचे कारण पुढे करून ती लांबत गेली आणि शेवटी सर्वोच्च न्यायालयाला देशभरातील परिषदांच्या निवडणुकांचे वेळापत्रक आखून द्यावे लागले. पंचवीस सदस्य एकल संक्रमणीय मताने, म्हणजे मतदाराने उमेदवारांना पसंतीक्रम देऊन निवडायच्या पद्धतीने, निवडले जातात. या पद्धतीत सहा जिल्ह्यांनी आपापसांत पसंतीक्रमांचा नीट समन्वय केला नाही, तर मोठ्या शहरांची मते निकाल ठरवतात, हे मागे घडले आहे आणि या वेळी घडू देता कामा नये. उमेदवाराला पहिला प्रश्न हाच विचारावा की, कलम 51(2) खालील खंडपीठासाठी तो लेखी बांधिलकी देतो काय.

डिसेंबर 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राज्य परिषदांत महिलांना 30 टक्के प्रतिनिधित्व देण्याचा निर्देश दिला. सध्या त्यातील 20 टक्के निवडणुकीने व 10 टक्के स्वीकृतीने भरावयाचे आहेत. या निर्देशाचे स्वागत आहे, परंतु त्याआधी जानेवारी 2025 मध्ये राजीब कलिता प्रकरणात याच न्यायालयाला प्रत्येक न्यायालय परिसरात महिला, पुरुष, दिव्यांग व तृतीयपंथी व्यक्तींसाठी स्वतंत्र स्वच्छतागृहे बांधण्याचा आदेश द्यावा लागला, हे विसरू नये. तालुका न्यायालयांत वकिली करणाऱ्या भगिनी सकाळपासून पाणी पिणे टाळतात; कडीचा पत्ता नसलेले दार एकीने धरून उभे राहायचे आणि दुसरीने आत जायचे, ही व्यवस्था अजूनही अनेक ठिकाणी चालू आहे. बाळ असलेल्या वकिलाला बार रूमच्या कोपऱ्यात टेबलाचा आडोसा करून बसावे लागते. मुंबई उच्च न्यायालयातील पहिल्या महिला वकील मिठन लाम यांना त्या न्यायालयाचे दार उघडून शंभर वर्षे झाली. तालुक्याच्या न्यायालयात स्वच्छतागृहाच्या दाराला कडी बसवण्याइतका निधी जिल्हा नियोजनातून मिळत नाही, हे मान्य करता येणार नाही. परिषदेवर निवडून येणाऱ्या महिला सदस्यांनी पहिल्या बैठकीतच सहा जिल्ह्यांतील प्रत्येक न्यायालयाचा अहवाल मागवावा, आणि पुरुष सदस्यांनी हा महिलांचा विषय आहे असे म्हणून बाजूला होऊ नये.

अधिवक्ता सुधारणा विधेयकाच्या मसुद्याविषयी फारसे बोलण्याची गरज नाही. बहिष्काराला बंदी घालणारा आणि परिषदेत केंद्राचे नामनिर्देशित सदस्य आणणारा तो मसुदा फेब्रुवारी 2025 मध्ये प्रसृत झाला आणि देशभरातील विरोधामुळे त्याच महिन्यात मागे घेतला गेला. तो नव्या रूपात येईल तेव्हा उत्तर तेच असेल. वकील संरक्षण कायदा हा मात्र रखडलेला विषय आहे. राजस्थान व कर्नाटक यांनी 2023 मध्ये असे कायदे केले. जानेवारी 2024 मध्ये राहुरी येथील वकील दांपत्याची हत्या होऊन राज्यभर संताप उसळला, निवेदने गेली, आश्वासने मिळाली, आणि महाराष्ट्राचा वकील अद्याप कायद्याची वाट पाहत आहे.

हरीश उप्पल प्रकरणात 2002 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वकिलांना संपाचा अधिकार नाही असे ठरवले, याची आठवण या मेळाव्याला वारंवार करून दिली जाते. त्या निकालाचा आदर आहे. परंतु न्यायालय दूर असल्यामुळे दशकानुदशके न्यायापासून दूर राहिलेल्या पक्षकाराचे जे नुकसान झाले ते कोणत्याही संपापेक्षा मोठे होते, आणि ते कोणी मोजले नाही. पुढील लढा न्यायालयाच्या दारात नव्हे, तर शासनाच्या दारात लढायचा आहे. कोल्हापुरातील शेंडा पार्क येथील जागेवर कायमस्वरूपी इमारतीचा आराखडा होत असताना त्यात वकिलांच्या ग्रंथालयासाठी, कनिष्ठांना बसण्यासाठी व महिला वकिलांसाठी किती जागा आहे, हे आराखडा अंतिम होण्यापूर्वी कळले पाहिजे. इमारत उभी राहिल्यावर पत्र्याची शेड मागण्याची वेळ येऊ नये.

भोजनापूर्वी या सभागृहासमोर एकच ठराव येणार आहे : राज्य मंत्रिमंडळाने कलम 51(2) खालील कायमस्वरूपी खंडपीठाची शिफारस येत्या 18 ऑगस्टपूर्वी करावी, त्यात न्यायमूर्तींची किमान संख्या नमूद करावी, आणि राज्यपाल व मुख्य न्यायमूर्तींकडे ती विनाविलंब पाठवावी. ठरावावर हात वर करून मतदान होईल आणि जिल्हावार नोंद ठेवली जाईल. ज्यांचा त्याला विरोध आहे त्यांनी तो येथेच, आपले नाव व जिल्हा सांगून, उभे राहून नोंदवावा.