क्रुपची कागदपत्रे आणि कामगारवर्गाची स्मृती

(आवडी, चेन्नई येथील अभ्यासवर्गातील भाषणाचा मजकूर)



पोलाद आणि शस्त्रे यांची मालकी कोणाकडे असावी, हा प्रश्न आवडीला नवा नाही. जानेवारी १९५५ मध्ये येथेच भरलेल्या काँग्रेस अधिवेशनाने समाजवादी धर्तीच्या समाजरचनेचा ठराव केला. १९६५ मध्ये येथील सरकारी कारखान्यातून पहिला विजयंता रणगाडा बाहेर पडला. मात्र शस्त्रांची मालकी एका घराण्याकडे राहिली म्हणजे काय घडते, याचा पुरावा जर्मनीतील एसेन शहरात, क्रुप घराण्याच्या व्हिला ह्यूगेल या प्रासादात कागदांच्या रूपाने जपलेला आहे. हे दफ्तर १९०५ मध्ये स्थापन झाले. घराण्याची पत्रे, कारखान्यांच्या नोंदी आणि छायाचित्रे तेथे एकत्र नांदतात.

त्या घराण्याचा शेवटचा मालक आल्फ्रिड क्रुप. १२ नोव्हेंबर १९४३ रोजी हिटलरने खास फर्मान काढून सारी कंपनी त्याच्या एकट्याच्या नावे राहील अशी व्यवस्था केली. त्यामुळे मालकाचा खासगी पत्रव्यवहार आणि कंपनीचा कारभार यांत सीमारेषा उरली नाही. आल्फ्रिड क्रुपचे 'वैयक्तिक कागद' वाचताना ही गोष्ट विसरून चालत नाही.

न्यूरेंबर्ग येथील अमेरिकन लष्करी न्यायालयात क्रुप आणि त्याच्या ११ संचालकांवर खटला चालला. आक्रमक युद्धाचा आरोप न्यायालयाने फेटाळला. परंतु लूट आणि वेठबिगार हे आरोप टिकले. ३१ जुलै १९४८ रोजी क्रुपला १२ वर्षांची कैद आणि सर्व मालमत्तेची जप्ती अशी शिक्षा झाली. फ्रान्समधील लियाँकूर व म्यूलूझ येथील कारखाने बळकावणे आणि हॉलंडमधून यंत्रे उचलून नेणे यांचा लुटीत समावेश होता. युद्धकाळात क्रुपच्या कारखान्यांत सुमारे १ लाख परदेशी मजूर, युद्धकैदी आणि छळछावणीतील कैदी राबवले गेले. बुखेनवाल्डच्या एसेन येथील उपछावणीतील सुमारे ५०० ज्यू स्त्रिया त्यांत होत्या.

हे जगाला कळले ते मालकाने दफ्तर उघडले म्हणून नव्हे. फॅसिझमचा लष्करी पराभव झाला, विजेत्यांनी कंपन्यांची कागदपत्रे ताब्यात घेतली आणि मजुरांनी साक्षी दिल्या, म्हणून ते उघड झाले. दफ्तराची किल्ली कोणत्या वर्गाच्या हाती आहे यावर इतिहास अवलंबून असतो, एवढेच यातून सिद्ध होते.

परंतु ही किल्ली लवकरच परत गेली. कोरियन युद्ध सुरू झाले. साम्राज्यवादाला पश्चिम जर्मनीचे पोलाद हवे होते. अमेरिकन उच्चायुक्त जॉन मॅक्लॉय यांनी शिक्षेत सूट दिली, जप्ती रद्द केली आणि ३ फेब्रुवारी १९५१ रोजी क्रुप तुरुंगातून बाहेर आला. १९५९ मध्ये कंपनीने ज्यू वेठबिगारांसाठी १ कोटी मार्क देण्याचे मान्य केले. इतर देशांतून आणलेल्या असंख्य मजुरांना त्यात वाटा नव्हता. जर्मन सरकार आणि उद्योग यांनी १० अब्ज मार्कांचा निधी उभारण्यास २००० साल उजाडावे लागले. तोवर बहुतेक मजूर काळाच्या पडद्याआड गेले होते.

भारताचा या कथेशी संबंध आहे. सुटकेनंतर अडीच वर्षांतच, १९५३ मध्ये, भारत सरकारने राउरकेला पोलाद कारखान्यासाठी क्रुप आणि डेमाग या कंपन्यांशी करार केला. त्यांचे भागभांडवल घेण्याची मूळ योजना पुढे सोडून देण्यात आली, म्हणूनच राउरकेला सार्वजनिक क्षेत्रात राहिले. आवडी ठरावाच्या पुढच्याच महिन्यात सोव्हिएत संघाशी भिलाईचा करार झाला. दोन्ही भट्ट्यांतले लोखंड सारखेच. परंतु यंत्रे देणाऱ्याचा पूर्वेतिहास विसरण्याचे कारण नाही.

आपल्या देशातही कागद नष्ट करण्याचा प्रयत्न झाला. १९४३ च्या बंगाल दुष्काळाची चौकशी करणाऱ्या आयोगाने मृत्यूंचा आकडा सुमारे १५ लाख दिला. नंतरच्या अभ्यासकांनी तो ३० लाखांच्या आसपास मानला. आयोगानेच हिशेब मांडला की धान्याच्या व्यवहारात १५० कोटी रुपयांचा जादा नफा झाला, म्हणजे दर मृत्यूमागे हजार रुपये. तरी कोणत्याही नफेखोरासाठी न्यूरेंबर्ग उभे राहिले नाही. आयोगापुढील साक्षी नष्ट करण्याचा आदेश होता. आयोगाचे एक सदस्य सर मणिलाल नानावटी यांनी आपली प्रत जपून ठेवली. ती आज दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहे. एका माणसाच्या निग्रहाने लाखो मृतांची साक्ष वाचली.

आता आवडीकडे वळावे. १ ऑक्टोबर २०२१ रोजी सरकारने आयुध कारखान्यांचे सात कंपन्यांत विभाजन केले. आवडीचा रणगाडा कारखाना आणि अंबरनाथचा यंत्र-अवजार कारखाना हे दोन्ही एकाच कंपनीत गेले. त्याआधी ३० जून रोजी वटहुकूम काढून संरक्षण उत्पादनातील संपावर बंदी घालण्यात आली. या कंपन्या आज सरकारी आहेत. १९९३ चा सार्वजनिक अभिलेख कायदा आणि माहिती अधिकार त्यांना लागू आहेत. उद्या भागभांडवल खासगी हाती गेले तर 'व्यापारी गुपित' हा शब्द प्रत्येक फाइलीवर चढेल. खासगीकरणात यंत्रांबरोबर स्मृतीही विकली जाते.

व्हिला ह्यूगेलमध्ये अभ्यासकांना आज प्रवेश मिळतो, हे मान्य केले पाहिजे. तरीही क्रुप घराण्याची पत्रे दफ्तरात सुव्यवस्थित लावलेली आहेत आणि त्याच कारखान्यांत राबलेल्या बहुसंख्य मजुरांचे एक पत्रही उरलेले नाही, ही विषमता प्रवेशपत्राने मिटत नाही.

म्हणून संघटनेपुढील काम स्पष्ट आहे. युनियनच्या सभांचे इतिवृत्त, अपघातांच्या नोंदी, हजेरीपट, निलंबनाच्या नोटिसा, निवृत्त कामगारांच्या तोंडी आठवणी, हे सारे आवडीपासून अंबरनाथपर्यंत प्रत्येक शाखेने तारखेनिशी जतन केले पाहिजे. मालकवर्ग आपला इतिहास पोलादी कपाटात ठेवतो. कामगारवर्गाने आपला इतिहास रद्दीत जाऊ देता कामा नये.