पहिल्या रविवारचा उपास

गेले पंधरा दिवस तालमींसाठी जागणाऱ्या माझ्या विद्यार्थी मित्रमैत्रिणींनो,

मी पाटबंधाऱ्याचा माणूस. त्यामुळे पाण्यावर बोलेन असं तुम्ही धरून चालला असाल. पाणी येईलच. पण मघाशी चहाच्या वेळी तुमच्या भित्तिपत्रकाच्या संपादक मुलीने विचारलं, "सर, अमेरिकेत नेमकं काय शिकलात?" पदवीचं उत्तर मी तिला दिलं. खरं उत्तर राहून गेलं. ते इथे देतो.

1988 साली मी एम.एस. करायला युटा राज्यातल्या लोगन गावी गेलो. तिथल्या युटा स्टेट युनिव्हर्सिटीत सिंचनाचं शिक्षण फार चांगलं. चार जणांत एक घर होतं: एक इजिप्तचा, एक आंध्रचा, धुळे जिल्ह्यातला मी, आणि चौथा तिथलाच, शेतकऱ्याचा मुलगा. तो मॉर्मन होता. त्या पंथाचं खरं नाव चर्च ऑफ जीझस ख्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स. 2018 साली त्यांच्या तेव्हाच्या अध्यक्षांनी पूर्ण नावच वापरायचा आग्रह धरला. आम्ही तेव्हा मॉर्मनच म्हणायचो, आज बोलण्याच्या सोयीसाठी तेच म्हणतो.

पहिल्याच संध्याकाळी मी आलं ठेचून चहा टाकला आणि चार कप ओतले. त्याने कप दोन्ही हातांत धरला, वास घेतला आणि अलगद टेबलावर ठेवला. म्हणाला, "मी पीत नाही, पण तुमच्याबरोबर बसतो." इजिप्तच्या मुलाने लगेच विचारलं, का? आम्ही तिघेही परदेशी, आणि परदेशी माणसाला प्रश्न विचारायची थोडी सूट असते. त्याने सांगितलं की 1833 साली त्यांच्या पैगंबराला झालेल्या साक्षात्कारात दारू, तंबाखू आणि गरम पेयं वर्ज्य सांगितली. गरम पेयं म्हणजे चहा आणि कॉफी, असा अर्थ पुढे वडीलधाऱ्यांनी लावला. मी म्हटलं, "पण काल रात्री तू गरम चॉकलेट पीत होतास." तो म्हणाला, "हो. ते चालतं. तुम्हाला हे विसंगत वाटेल, मला कळतं. तब्येतीचं कारण पुढे करून मी हे पाळत नाही. मी शब्द दिलाय, म्हणून पाळतो."

या उत्तराने मी गप्प झालो. आपल्याकडे सोवळं असो, उपास असो, कुणी विचारलं की आपण पटकन विज्ञान शोधायला लागतो. याने तसं काही केलं नाही.

मग दर शनिवारी रात्री त्या स्वयंपाकघरात बैठक बसू लागली. आम्ही विचारायचं, त्याने सांगायचं. त्याने सांगितलेली गोष्ट थोडक्यात अशी. न्यूयॉर्क राज्यात जोसेफ स्मिथ नावाचा एका गरीब शेतकऱ्याचा मुलगा होता. आजूबाजूला इतके ख्रिस्ती पंथ होते की खरा कोणता हे त्याला कळेना. 1820 साली, चौदाव्या वर्षी, तो घराजवळच्या झाडीत जाऊन प्रार्थना करू लागला, आणि देवपिता व येशू दोघे वेगवेगळ्या रूपांत त्याला दिसले. पुढे एका देवदूताने टेकडीत पुरलेले सोन्याचे पत्रे दाखवले. त्यांवरच्या लिखाणाचा त्याने केलेला अनुवाद म्हणजे बुक ऑफ मॉर्मन. हे पुस्तक 1830 च्या मार्चमध्ये निघालं आणि 6 एप्रिलला चर्च स्थापन झालं.

आंध्रच्या मित्राने विचारलं, "ते पत्रे आता कुठे आहेत?" तो म्हणाला, "देवदूताने परत नेले, अशी आमची श्रद्धा आहे." "म्हणजे पुरावा नाही?" "दाखवता येईल असा नाही. त्या पुस्तकातल्या नगरांचे अवशेषही कुणाला सापडलेले नाहीत. मी ते वाचलं, प्रार्थना केली, आणि आतून मला ते खरं वाटलं. तेवढंच माझ्याजवळ आहे. ते तुमच्या हातात ठेवता येत नाही, हे मला माहीत आहे."

मला ते पत्रे खरे वाटले नाहीत, आजही वाटत नाहीत. हे मी त्यालाही सांगितलं. तो रागावला नाही. एकोणिसाव्या वर्षी घर सोडून दोन वर्षं तो धर्मप्रचाराला पेरूमध्ये राहिला होता. पांढरा शर्ट, छातीवर नावाची पट्टी, बरोबर एक जोडीदार, आणि खर्च घरचा. दोन वर्षं तोंडावर दारं आपटून घेतलेल्या मुलाला माझ्या एका 'नाही'ने काय होणार होतं? एक मात्र सांगायला हवं. आमच्या घरात त्याने स्वतःहून कधी प्रचार केला नाही. पुस्तकसुद्धा मी मागितलं तेव्हाच दिलं.

सोपे प्रश्न संपले की अवघड येतात. बहुपत्नीत्वाचा प्रश्न मीच काढला. त्याने खोलीतून झेरॉक्सच्या कागदांचा एक जुडगा आणला. त्याच्या खापरपणजीची रोजनिशी होती ती. ती एका माणसाची दुसरी बायको होती. एका पानावर तिने थोरल्या बायकोच्या बाळंतपणात आपण रात्रभर जागल्याचं लिहिलं होतं. दुसऱ्या एका पानावर नवऱ्याचं नावच नव्हतं, नुसता 'तो' होता. 1890 मध्ये चर्चच्या अध्यक्षांनी जाहीरनामा काढून नवी बहुपत्नी लग्नं थांबवली, आणि आज असं लग्न करणाऱ्याला चर्चमधून काढून टाकतात, हे त्याने सांगितलं. मग म्हणाला, "ती सुखी होती की नाही, मला सांगता येत नाही. मी तिच्या वतीने बोलणार नाही."

त्याहून कठीण प्रश्न इजिप्तच्या मित्राचा होता, काळ्या लोकांबद्दलचा. त्यांच्याकडे पगारी पुरोहित नसतात. साधारण बाराव्या वर्षापासून मुलग्यांना पौरोहित्याचा पहिला अधिकार मिळतो, जवळजवळ मुंजीसारखा. पण 1978 पर्यंत तो काळ्या पुरुषांना मिळत नव्हता. त्या साली जूनमध्ये ती बंदी उठली. आमचा मॉर्मन मित्र म्हणाला, "त्याच वर्षी मी बारा वर्षांचा झालो. एखादा काळा मुलगा आदल्या वर्षी बारा वर्षांचा झाला असता तर त्याला ते मिळालं नसतं. का, ते मी माझ्या वडिलांना विचारलं. त्यांच्याकडे उत्तर नव्हतं. माझ्याकडेही नाही." मग बराच वेळ कुणी काही बोललं नाही. फ्रिजचा आवाज तेवढा येत होता.

मित्रांनो, मी पुढे अनेक धर्मांचे विद्वान ऐकले. आपल्या धर्माची लाज वाटणारी माणसं पाहिली आणि आपल्या धर्मात काही चुकलंच नाही म्हणणारीही पाहिली. आपल्या श्रद्धेवर जीव असताना तिच्यातलं न पटणारं पानही पाहुण्यासमोर उघडून ठेवणारा माणूस मी तिथे पहिल्यांदा पाहिला.

लोगनच्या टेकडीवर दोन बुरुजांचं मॉर्मन मंदिर आहे, 1884 मध्ये अर्पण झालेलं. विद्यापीठातून ते सारखं डोळ्यांसमोर असायचं. आत आम्हाला प्रवेश नाही. आंध्रचा मित्र म्हणाला, "म्हणजे काहीतरी गुप्त चालतं." मॉर्मन मित्र म्हणाला, "गुप्त नाही, पवित्र आहे." ज्याच्या गावी गाभाऱ्यात सोवळ्याशिवाय पाऊल टाकत नाहीत त्या मला हे समजावून सांगावं लागलं नाही. त्या मंदिरात नवरा-बायकोचं नातं मरणापुरतं न राहता अनंतकाळासाठी जोडलं जातं, आणि पूर्वजांच्या नावाने जिवंत माणूस बाप्तिस्मा घेतो. स्वीकारायचा की नाही हे त्या मृत आत्म्यानेच ठरवायचं, असं ते मानतात. त्यासाठीच हे लोक जगभरच्या वंशावळी गोळा करतात. आपल्या हरिद्वारच्या पंड्यांच्या वह्यासुद्धा युटाच्या वंशावळी संस्थेने मायक्रोफिल्मवर उतरवून घेतल्या आहेत. मी विचारलं, "उद्या कुणी माझ्या आजोबांच्या नावाने बाप्तिस्मा घेतला तर?" तो म्हणाला, "घेऊ नये. ज्याने त्याने आपल्या पूर्वजांचं पाहावं." पुढे नाझी छळछावण्यांत मारल्या गेलेल्या ज्यूंच्या नावाने असे बाप्तिस्मे झाल्याचं उघड झालं, ज्यू संघटनांनी तीव्र हरकत घेतली आणि 1995 मध्ये चर्चने ते थांबवायचं मान्य केलं. तेव्हा मला त्याचं ते उत्तर आठवलं.

आता पाणी. जोसेफ स्मिथला 1844 मध्ये इलिनॉयमधल्या कार्थेजच्या तुरुंगात जमावाने गोळ्या घालून मारलं. त्याआधी 1838 मध्ये मिझुरीच्या गव्हर्नरने या लोकांना राज्यातून हाकला नाहीतर नाहीसे करा, असा हुकूम काढला होता. तो कागदोपत्री रद्द व्हायला 1976 उजाडलं. स्मिथनंतर ब्रिगहॅम यंगच्या मागे हे लोक बैलगाड्यांनी पश्चिमेला निघाले आणि 1847 च्या जुलैत सॉल्ट लेकच्या खोऱ्यात उतरले. जमीन इतकी कडक की नांगर शिरेना. त्यांच्या पुढे गेलेल्या तुकडीने ओढ्याला बांध घातला, पाणी जमिनीवर सोडलं, ती भिजवली आणि मग नांगरली. पाणी कुणा एकाचं नाही, वाटून घ्यायचं, हा तिथला पहिल्या दिवसापासूनचा रिवाज.

हे पुस्तकात वाचलं होतं. डोळ्यांनी पाहिलं ते आमच्या मॉर्मन मित्राच्या घरी. लोगनपासून थोड्या अंतरावर त्यांची लसूणघासाची शेती आणि गाईंचा गोठा होता. त्याचे वडील त्यांच्या मंडळीचे बिशप. बिशप म्हणजे झगा आणि अंगठी असं माझ्या डोक्यात होतं. हे गृहस्थ पहाटे गाई पिळायचे, आणि बिशपपणाचा त्यांना एक पैसा मिळत नव्हता. त्या आठवड्यात त्यांची पाणीपाळी रात्री दोनची होती. बिशप, त्यांचा मुलगा आणि मी बॅटरी घेऊन निघालो. लाकडी दांड्याला जाड ताडपत्री ठोकलेली, ती चारीत आडवी टाकायची, तिच्या कडेवर मातीची ढेकळं ठेवायची, की पाणी फुगून वाफ्यात वळतं. म्हणजे आपण दारं धरतो तेच. पण आपल्या शेताकडे वळायच्या आधी बिशप शेजारच्या शेतात शिरले. तो शेजारी दवाखान्यात होता. आधी त्याच्या शेताला पाणी दिलं, मग स्वतःच्या. उजाडलं तेव्हा त्यांचा शेवटचा पट्टा कोरडाच राहिला होता. ते घड्याळ बघून म्हणाले, "आपली वेळ संपली," आणि ताडपत्री उचलली. पाणी पुढच्या माणसाकडे गेलं.

मी त्यांना पांझरेकाठच्या आमच्या फड पद्धतीबद्दल सांगितलं. काहीशे वर्षांचे बंधारे, पाणी सोडणारा पाटकरी, सगळ्या फडाला एकच पीक. त्या बिशपनी गोठ्यात बसून मला तासभर प्रश्न विचारले. पाटकऱ्याला मोबदला कोण देतं? भांडण झालं तर कोण सोडवतं? आपल्या या ठेव्याबद्दल इतक्या आस्थेने मला धुळ्यातही कुणी विचारलं नव्हतं.

आता शेवटची गोष्ट. त्यांच्याकडे महिन्याच्या पहिल्या रविवारी उपास असतो. दोन वेळचं जेवण नाही, पाणीसुद्धा नाही. त्या दोन जेवणांचे वाचलेले पैसे चर्चकडे द्यायचे आणि बिशपने ते गावातल्या अडलेल्या घराला पोहोचवायचे. उत्पन्नाचा दहावा हिस्सा ते देतात तो वेगळाच. आषाढी एकादशीला मी बटाटे आणि शेंगदाणे खात बसलो होतो. मॉर्मन मित्राने सहज, अगदी जिज्ञासेने विचारलं, "तुझ्या उपासाचे वाचलेले पैसे कुठे जातात?"

मला उत्तर आलं नाही. वर्षभर आम्ही त्याला प्रश्नांनी भंडावलं होतं. त्याचा हा पहिला प्रश्न होता आणि मी अडलो. मी आईला एअरोग्राम लिहिला. उत्तर तीन आठवड्यांनी आलं. तिने लिहिलं होतं: एकादशीला जेवढं पीठ वाचतं तेवढं मी सुपात बाजूला काढून ठेवते. द्वादशीला सकाळी ते मागच्या आळीतल्या म्हातारीकडे जातं, आणि मग आपण उपास सोडतो. तुझ्या आजीपासून हे चालू आहे. तू त्या वेळी शाळेत असायचास, म्हणून तुला कधी दिसलं नाही.

ते पत्र मी त्याला वाचून दाखवलं, एकेका ओळीचं इंग्रजी करत. म्हातारीचं नाव काय, असं त्याने विचारलं. तेही मला ठाऊक नव्हतं. पुढच्या पत्रात विचारून घेतलं.

मुलांनो, तुमच्या वसतिगृहात पावरा मुलं आहेत, भिल्ल आहेत, महानुभाव आहेत, मुसलमान आहेत, बौद्ध आहेत, ख्रिस्ती आहेत. एकाच मेसमध्ये जेवता. आज रात्री शेजारच्या ताटावरच्या मित्राला विचारा, तुझ्याकडे हे का करतात? त्याच्याबद्दल तिसऱ्याला विचारू नका, त्यालाच विचारा. तो सांगेल ते पटलं नाही तर तसं सांगा, पण पूर्ण ऐकून मग सांगा. आणि त्याने उलट विचारलं, आणि उत्तर सुचलं नाही, तर आता एअरोग्राम लिहायची गरज नाही. घरी फोन लावा, आईला विचारा.

बक्षिसं वाटायची आहेत, मुलं केव्हाची खोळंबली आहेत. मी थांबतो.